दात-हिरड्यांचा साखरेशी, हृदयाशी, मनाशी संबंध – नाशिककरांनो, अनुभव सांगा

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)

आईला जुना मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, जॉगिंग ट्रॅकवर रोजच्या फेऱ्या, गोड बंद. तरी गेलं वर्षभर तिचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८.९ च्या खाली यायला तयार नव्हतं. गोळी वाढवून झाली, बदलून झाली, शेवटी इन्सुलिनचा विषय निघाला.

त्याच काळात घरात आणखीही काही बदलत होतं. बाजरीची भाकरी तिच्या ताटातून गेली. मग काकडी-गाजर गेलं, शेंगदाण्याची चटणी गेली. राहिलं काय, तर मऊ भात, दूध-पोळी आणि चहात बुडवलेला टोस्ट, म्हणजे सगळं साखर वाढवणारंच. बोलताना पदर तोंडापुढे यायला लागला. भजनी मंडळात ती कायम पुढे बसून गाणारी. आधी मागच्या रांगेत गेली, मग 'आज नको, पाय दुखतात' सुरू झालं. दुपारी नुसती पडून राहायची. नातेवाईक म्हणायचे, वय झालं आता.

नवीन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आजी, तोंड उघडा बघू." हातमोजा घालून त्यांनी खालच्या हिरडीवर बोट दाबलं तर दाताच्या कडेनं पिवळसर पू वर आला. आईला काहीच दुखलं नाही, म्हणून तिनं कधी सांगितलंही नव्हतं. त्यांनी औषध न वाढवता दंतवैद्यांकडे चिठ्ठी दिली. हिरड्यांखालची सफाई टप्प्याटप्प्यानं झाली, हलणाऱ्या दोन दाढा काढाव्या लागल्या. पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ८.२ आलं, गोळ्या त्याच. मला आकड्याइतकंच मोलाचं वाटतं ते हे की आई परत मंडळात जायला लागली आहे.

मधुमेहाच्या तपासणीत डोळे बघतात, पाय बघतात, किडनी बघतात. तोंड इतक्या वर्षांत एकदाही कुणी बघितलं नव्हतं. म्हणून हा धागा. तोंडाच्या दुखण्याचा बाकी शरीराशी आणि मनाशी आणखी कुठे कुठे संबंध येतो, हे जाणकारांनी सांगावं. ज्यांच्या घरी असं काही झालंय त्यांनी अनुभव लिहावेत. आणि नाशकात परवडणारे उपचार कुठे मिळतात तेही.

---

निफाडकर

ताई, पदराचं वाचलं आणि सासूबाईच डोळ्यांसमोर आल्या. अगदी तेच. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, पण दातांच्या डॉक्टरकडे यायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, सफाई केली की दात सैल होतात, आणि वरचा दात काढला की नजर जाते. गावात दोन-चार जणींचं तसं झालंय म्हणे. यात तथ्य आहे का?

---

दंतवैद्य नाशिकरोड

धागा काढलात हे फार बरं केलंत. जरा सविस्तर लिहितो.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती ३ मिलिमीटरपर्यंत खोल असते. दातांवर रोज जमणारा चिकट थर निघाला नाही की त्यात जंतू वाढतात, थर कडक होतो, हिरडी सुजते आणि ही फट खोल होत जाते. ४, ५, ६, कधी ८ मिलिमीटर. तिथे ब्रश पोचतच नाही. आतल्या आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. यालाच लोक पायरिया म्हणतात. सगळ्या दातांभोवतीची ही सुजलेली, सोललेली जागा एकत्र मोजली तर जुन्या पायरियात ती १५-२० चौरस सेंटिमीटरपर्यंत भरू शकते. एवढी उघडी जखम मधुमेह्याच्या पायावर असती तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडात असते म्हणून दिसत नाही, आणि बहुतेक वेळा दुखतही नाही.

आता साखर. ही दोन्ही बाजूंनी चालणारी गोष्ट आहे. रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम भरत नाही, म्हणून मधुमेह्यांच्या हिरड्या लवकर आणि जास्त बिघडतात. उलट बाजूनं, हिरडीतल्या सततच्या दाहामुळे जे पदार्थ रक्तात उतरतात त्यांनी इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. पायरियावर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. गोदाकाठ, तुमच्या आईंचं जास्त उतरलं. त्यात त्यांच्या जेवणाचा वाटा नक्की असणार. चावता यायला लागलं की भाकरी, उसळ, कोशिंबीर ताटात परत येते. मात्र याचा अर्थ गोळ्या कमी करायच्या असा कुणी घेऊ नये.

निफाडकर, सफाईनं दात सैल होत नाहीत. हाड झिजलेलं असतं, दात आधीच सैल झालेला असतो, आणि कडक झालेल्या थरानं तो शेजारच्या दातांना चिकटून उभा असतो. थर काढला की खरी स्थिती उघडी पडते. अशा वेळी पेशंटला आधी हे समजावून सांगायला हवं, ते आमच्याकडून बरेचदा राहून जातं आणि मग गावभर होतं की डॉक्टरनं दात सैल केले. नजरेचं म्हणाल तर वरचा दात काढल्यानं नजर जात नाही. दाताच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. गावातल्या त्या बायकांना बहुधा त्याच वयात मोतीबिंदू झाला असेल.

आणखी एक. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण तिथला रक्तपुरवठाच कमी झालेला असतो. 'मला रक्त येत नाही म्हणजे मी ठीक' असं त्यांनी समजू नये.

---

कार्यकारण

चांगली माहिती. पण एक शंका मनापासून विचारतो. हल्ली हृदयविकार, स्मृतिभ्रंश, संधिवात, सगळ्याचं खापर हिरड्यांवर फोडणारे लेख फिरत असतात. जो माणूस दात नीट घासत नाही तो बरेचदा तंबाखूही खातो, कमी पैशात भागवतो, डॉक्टरकडेही उशिरा जातो. मग हृदयविकार हिरड्यांमुळे झाला की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे कसं ठरवणार? लोकांना घाबरवून सफाई करायला लावणं मला पटत नाही.

---

दंतवैद्य नाशिकरोड

शंका रास्त आहे. पक्कं काय आणि कच्चं काय ते वेगळं करून सांगतो.

मधुमेहाचं वर लिहिलं, ते भक्कम आहे. हृदयाच्या झडपांचं तर त्याहून थेट आहे. तोंडातले काही जंतू रक्तात जाऊन खराब झडपेवर घर करतात, त्यातून जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. म्हणून ज्यांची झडप बदलली आहे किंवा ज्यांना पूर्वी असा संसर्ग होऊन गेला आहे, त्यांना दात काढण्याआधी अँटिबायोटिक देतात. अशा पेशंटनं खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना हे सांगायला हवं.

रक्तवाहिन्यांतले अडथळे आणि हार्ट अटॅक यांचा पायरियाशी संबंध पुन्हा पुन्हा दिसतो. तंबाखू, वय वगैरे बाजूला काढूनही काही प्रमाणात उरतो. पण हिरड्यांवर उपचार केले की अटॅक टळतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कुणी तसं छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

स्मृतिभ्रंशाचं आणखी कच्चं आहे. २०१९ मध्ये अल्झायमर झालेल्या लोकांच्या मेंदूत पायरियाच्या एका जंतूच्या खुणा सापडल्याचं संशोधन गाजलं. मग त्या जंतूवर बेतलेलं औषध मोठ्या चाचणीत उतरवलं, तर २०२१ मध्ये ते मुख्य निकषांवर अपयशी ठरलं. प्रश्न अजून खुला आहे.

घाबरवायची गरजच नाही. दाढ ठणकल्यामुळे रात्रभर जागणारा माणूस, चावता येत नाही म्हणून अशक्त झालेली म्हातारी, यांना उपचार द्यायला आणखी कुठलं कारण लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे असं म्हटलंय. ते दुखणं स्वतःच पुरेसं मोठं आहे.

---

कार्यकारण

पटलं. असं वेगळं करून सांगणारे कमी भेटतात. आभार.

---

सातपूरकर

माझ्या मोठ्या भावाचं लिहितो. एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पुडी सुरू झाली. २०१२ ला गुटखाबंदी आली तेव्हा त्यानं गुटखा सोडला आणि नुसत्या सुपारीवर आला. 'यात तंबाखू नाही, काही होत नाही' असं त्याला वाटायचं.

पहिली खूण मिसळीनं दाखवली. रविवारी सकाळी सगळे मित्र मिसळ खायला जायचे, हा रस्सा वाढून घेणारा माणूस. एकदा पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडात आग आग. मग साधी आमटीही झोंबायला लागली. नंतर तोंड उघडेना. चार बोटं जायची तिथे जेमतेम दोन जायला लागली. पाणीपुरी सोडा, पोळीचा घाससुद्धा दुमडून सरकवायचा. गालाच्या आतून बोट फिरवलं तर दोरीसारखे कडक पट्टे लागतात.

शरीराचं झालं ते झालंच. पण त्याचं वागणं बदललं ते आम्हाला जास्त लागलं. कँटीनमध्ये डबा घेऊन एकटाच कोपऱ्यात बसायचा, कारण खाताना सांडतं. लग्नकार्यात जेवायच्या आधी निघून यायचा. लहान मुलांवर ओरडायला लागला. वहिनी म्हणायची, घरात कुणी पाहुणा राहतोय असं वाटतं.

आता सुपारी बंद आहे. गालात इंजेक्शनं झाली, औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. रोज आरशासमोर बसतो. थोडा फरक आहे, पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की पहिल्यासारखं पूर्ण होणार नाही, आणि कॅन्सरसाठी ठरावीक काळानं तपासत राहायला हवं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे कृपया आपापल्या ग्रुपवर सांगा. बडीशेपेच्या डबीत सुगंधी सुपारी ठेवून पाहुण्यांच्या पोरांपुढे करणारी घरं अजून आहेत.

---

मनमोकळी

सातपूरकर, भावाला माझा नमस्कार सांगा. सुपारी सोडणं सोपं नसतं.

मी समुपदेशक आहे, कॉलेज रोडला बसते. मनाच्या बाजूनं थोडं.

नैराश्यात माणूस सर्वात आधी सोडतो ती स्वतःची देखभाल. आंघोळ कशीबशी होते, दात घासणं राहतं. त्यात नैराश्याच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. लाळ हे दातांचं संरक्षण आहे, ती कमी झाली की कीड झपाट्यानं लागते. मग दात खराब, तोंडाला वास, म्हणून माणूस आणखी लोकांत जाईनासा होतो. म्हणजे गाडं फिरून तिथेच. औषध मात्र मनानं बंद करू नये. डॉक्टरांना 'तोंड कोरडं पडतंय' एवढं सांगा, काही ना काही मार्ग निघतो. पाणी घोट घोट पीत राहणं, साखर नसलेलं च्युइंगगम चघळणं यानंही आराम पडतो.

माझ्याकडे एक तरुण येत होता, नोकरीच्या मुलाखतींत सतत नापास होणारा. हुशार मुलगा, पण प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर. ओठ मिटलेलेच. बऱ्याच भेटींनंतर कळलं की पुढचा एक दात काळा पडलाय, लहानपणी पडल्यामुळे. शाळेत त्यावरून चिडवायचे. मी त्याच्याशी आत्मविश्वासावर बोलत होते आणि त्याला आधी दंतवैद्य हवा होता. आता मी नव्या प्रत्येकाला झोप आणि भूक याबरोबर विचारते, दात दुखतात का, चावता येतं का, हसताना संकोच वाटतो का.

दातांच्या खुर्चीची भीती हाही खरा त्रास आहे. लहानपणी दाबून धरून दात काढलेला असतो, तो आवाज डोक्यात राहतो. अशा माणसाला 'एवढं काय घाबरायचं' म्हणू नये. पहिल्या भेटीत नुसतं बघून घ्या, काहीही करू नका, असं डॉक्टरांशी आधी बोलून ठेवता येतं. मधेच थांबवायला हात वर करायची खूण ठरवून घेतली की भीती बरीच उतरते.

---

आशाताई दिंडोरी

मी आशा सेविका आहे. आमच्याकडे द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायका बघते. पेठ-सुरगाण्याकडूनही येतात. सकाळी उठल्या की चुलीवर तंबाखू भाजून केलेली मशेरी. एकदा नाही, दिवसातून तीन-चार वेळा. विरळणीच्या कामात जेवायची सुट्टी झाली की ओट्यावर बसून बोटानं मशेरी लावणं चालू. विचारलं तर म्हणतात, 'ताई, मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही, डोकं चढतं.' ते डोकं चढणं म्हणजे व्यसनच, पण त्यांना ते दात घासणं वाटतं. आणि गरोदर बाईपण लावते. तिला सांगते, ही तंबाखूच आहे, बाळाचं वजन कमी भरतं.

३० वर्षांच्या वरच्या सगळ्यांची तपासणी असते, त्यात बीपी, साखर आणि तोंडाचा कॅन्सरपण बघायचा असतो. बीपीला हात लगेच पुढं करतात. तोंड उघडा म्हटलं की लाजतात, पदर घेतात. म्हणून मी आधी माझं तोंड उघडून दाखवते. मागच्या वेळी एका बाईच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला, पुसला तरी निघेना. दुखत नाही म्हणून ती यायला तयार नव्हती. तिच्या नवऱ्याशी बोलून जिल्हा रुग्णालयात नेली.

डॉक्टर साहेब, एक विचारायचंय. गरोदर बायकांच्या हिरड्यांतून रक्त येतं तर त्या ब्रश करायचं बंद करतात. आणि दाढ दुखली तरी सासू म्हणते बाळंत झाल्यावर बघू. काय सांगू त्यांना?

---

दंतवैद्य नाशिकरोड

ताई, तुमचं काम आमच्या दवाखान्यांपेक्षा मोठं आहे. तो चट्टा तुम्ही वेळेत पकडलात.

गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात, रक्त येतं. ब्रश बंद केला की थर साठून आणखी सुजतात. मऊ ब्रशनं दोन वेळा घासायला सांगा. सफाई, दात भरणं, गरज पडली तर दात काढणंसुद्धा गरोदरपणात करता येतं. चौथा ते सहावा महिना सर्वात सोयीचा, पण दाढेत पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात थांबायचं नाही. पायरिया असलेल्या आयांची बाळं कमी दिवसांची किंवा कमी वजनाची होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. उपचारांनी ते नक्की टळतं असं म्हणता येत नाही, पण उपचार आईला आणि बाळाला सुरक्षित आहेत हे नक्की. सासूबाईंना एवढंच सांगा, दाढेचा पू पोटात बाळ असताना अंगात ठेवायचा नाही.

---

द्वारका सर्कल

वडील पॅरालिसिसनं अंथरुणावर आहेत. नळीनं जेवण. त्यांना पुन्हा पुन्हा न्यूमोनिया व्हायचा. दर वेळी दवाखान्यात भरती, सलाईन, घरी आणलं की परत ताप. आम्हाला वाटायचं, तोंडानं काही खात नाहीत तर तोंड कशाला खराब होईल?

एका अनुभवी सिस्टरनं टॉर्च लावून टाळू दाखवली. टाळूवर पिवळट, चिवट थर, वाळलेल्या सायीसारखा. जिभेवरही तोच. नळीनं जेवणाऱ्यांचं तोंड चावणं नसल्यामुळे आणि लाळ कमी सुटत असल्यामुळे उलट जास्त घाण होतं, आणि ती जंतूंनी भरलेली लाळ झोपेत श्वासनळीत उतरते, हे त्यांनी समजावलं.

करायचं कसं ते लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. पेशंटला कुशीवर वळवून उशाकडची बाजू उंच करायची, म्हणजे पाणी घशात जात नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश फक्त ओला करायचा, पाणी ठिबकता कामा नये. दात, हिरड्या, मग बोटाला गॉज गुंडाळून गालाची आतली बाजू, टाळू, जीभ. थर खरवडायचा नाही, ओला करून मऊ होऊ द्यायचा. शेवटी ओठांना पेट्रोलियम जेली. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात. सकाळ-संध्याकाळ करतो. तेव्हापासून भरती करायची वेळ फार कमी आली आहे. ते बोलू शकत नाहीत, पण तोंड पुसून झालं की माझा हात धरून ठेवतात.

---

मनमोकळी

द्वारका सर्कल, हे वेगळा धागा म्हणून टाकाल का? अंथरुणावरच्या रुग्णांची काळजी घेणारे खूप जण आहेत इथे. आणि स्वतःकडेही लक्ष असू द्या.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. द्वारका सर्कल, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

डॉक्टर, आईची आणखी एक दाढ काढायची आहे. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. मैत्रीण म्हणते, पाच दिवस आधी बंद कर. शिवाय हाडांसाठी इंजेक्शन सुरू करायचं चाललंय. काही धोका आहे का?

---

दंतवैद्य नाशिकरोड

गोळी स्वतःहून बंद करू नका. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दाढ काढता येते, रक्त थांबवायचे उपाय आमच्याकडे असतात. दाढेचं रक्त दाबून थांबवता येईल, मेंदूत गेलेली गुठळी नाही. तुमचे फिजिशियन आणि दंतवैद्य आपसात बोलू देत.

हाडांच्या इंजेक्शनाचं विचारलंत हे उत्तम. ठिसूळ हाडांच्या काही औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. म्हणून काढायच्या दाढा आधी काढून घ्या, जखम भरू द्या, मग इंजेक्शन.

दोन गोष्टी सर्वांसाठी. खालची दाढ दुखून जबड्याखाली, गळ्याकडे कडक सूज आली, गिळता येईना, आवाज बदलला तर दवाखाना उघडायची वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठा. मधुमेह्यांनी तर नक्कीच. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, अशी तक्रार असेल तर आधी ईसीजी काढा. हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात उमटतं. तसं दुखणं बसल्या जागी आलं, घाम फुटला, थांबेना, तर तेही थेट रुग्णालयात.

परवडणाऱ्या उपचारांसाठी पंचवटीतलं दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, खर्च कमी. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

---

निफाडकर

सासूबाईंना वरचे प्रतिसाद वाचून दाखवले. नजरेचं ऐकून जरा शांत झाल्या. सोमवारी पंचवटीत घेऊन येते. बरोबर काय आणावं?

---

दंतवैद्य नाशिकरोड

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, साखरेचा शेवटचा रिपोर्ट. सकाळी नाश्ता आणि गोळी घेऊनच निघा, उपाशी आणू नका. तपासणीची वेळ आधी फोन करून विचारा.

---

आशाताई दिंडोरी

डॉक्टर साहेब, बागेतल्या बायकांना शहरात येणं जमत नाही, रोज बुडतो. छाटणीचं काम उरकलं की एक दिवस आमच्याकडे याल का? बायका गोळा करायचं माझ्याकडे लागलं.

---

दंतवैद्य नाशिकरोड

येतो. माझ्यासोबत आणखी दोघं येतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, गावाचं नाव आणि सोयीचा वार कळवा.